सेव्ह द इंटरनेट मोहीम (भारत)

सेव्ह द इंटरनेट (अर्थ : इंटरनेट वाचवा) ही भारतात एप्रिल २०१५ ते फेब्रुवारी २०१६ या काळात मुख्यतः समाजमाध्यमांच्या आधारे चालविली गेलेली नागरी मोहीम होय. दूरसंचार कंपन्यांनी इंटरनेटवरील सर्व मजकुराला समान वागणूक द्यावी, तसेच कोणत्याही संकेतस्थळाला वा सेवेला दर, वेग किंवा उपलब्धता यांबाबत झुकते माप देऊ नये, ही तिची मुख्य मागणी होती. या तत्त्वास नेट न्यूट्रॅलिटी, म्हणजेच आंतरजालाची तटस्थता, असे म्हणतात. मोहिमेच्या पहिल्या टप्प्यात भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे (ट्राय) दहा लाखांहून अधिक ईमेल पोहोचले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने मजकुरानुसार वेगवेगळे डेटा दर आकारण्यावर बंदी घालणारे विनियम जारी केले.

समाजमाध्यमांवरील चळवळीतून प्रत्यक्ष बदल घडतो काय, या प्रश्नाच्या दृष्टीने ही मोहीम विशेष अभ्यसनीय ठरते. एकाच विषयावर, एकाच नियामक संस्थेपुढे दोन परस्परविरोधी मोहिमा समाजमाध्यमांतून लढविल्या गेल्या आणि त्यांपैकी संख्येने मोठी असलेली मोहीम अयशस्वी ठरली.

संकल्पना

नेट न्यूट्रॅलिटी ही संज्ञा अमेरिकी विधिज्ञ टिम वू यांनी २००३ मध्ये लिहिलेल्या एका शोधनिबंधामुळे रूढ झाली. वीजपुरवठा करणारी कंपनी घरातील पंखा कोणत्या उत्पादकाचा आहे हे पाहून विजेचा दर बदलत नाही. त्याचप्रमाणे इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीने ग्राहक कोणते संकेतस्थळ पाहतो यावरून दर किंवा वेग बदलू नये, असा या तत्त्वाचा सोपा आशय सांगता येतो.

या तत्त्वाचा भंग प्रामुख्याने तीन प्रकारे होऊ शकतो. विशिष्ट सेवा रोखून धरणे, हा पहिला प्रकार. विशिष्ट सेवांचा वेग वाढविणे वा मंदावणे, हा दुसरा. आणि विशिष्ट सेवांसाठी अधिक, कमी वा शून्य दर आकारणे, हा तिसरा. शून्य दराच्या पद्धतीस झिरो रेटिंग म्हणतात. भारतातील वाद मुख्यतः या तिसऱ्या प्रकाराभोवती फिरला. पहिल्या दोन प्रकारांत ग्राहकाला होणारा तोटा उघड दिसतो. झिरो रेटिंगमध्ये मात्र ग्राहकाला काहीतरी फुकट मिळत असल्याने त्यास विरोध का करावा, हे लोकांना समजावून सांगणे अधिक अवघड असते.

पार्श्वभूमी

स्मार्टफोनचा प्रसार झाल्यावर ग्राहक लघुसंदेश व दूरध्वनी यांऐवजी व्हॉट्सॲप, स्काइप, व्हायबर यांसारख्या सेवा वापरू लागले. आपल्याच जाळ्यावरून चालणाऱ्या या सेवा आपले उत्पन्न घटवितात आणि परवाना शुल्क मात्र भरत नाहीत, अशी दूरसंचार कंपन्यांची तक्रार होती. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या ध्वनिसंभाषणासाठी वेगळा दर आकारण्याची योजना जाहीर केली. परंतु तीव्र विरोधानंतर ती काही दिवसांतच मागे घेतली.

फेब्रुवारी २०१५ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या सहकार्याने फेसबुकने इंटरनेट डॉट ऑर्ग ही सेवा भारतात सुरू केली. तीत निवडक संकेतस्थळे डेटा शुल्काविना पाहता येत असत. ज्या भागांत ही सेवा प्रथम उपलब्ध झाली, त्यांत महाराष्ट्राचाही समावेश होता. ६ एप्रिल २०१५ रोजी एअरटेलने एअरटेल झिरो ही योजना घोषित केली. या योजनेत ॲप तयार करणाऱ्या कंपनीने डेटाचा खर्च उचलल्यास ग्राहकाला ते ॲप विनाशुल्क वापरता येणार होते. मोठ्या कंपन्यांना हा खर्च परवडेल, नवोदितांना मात्र तो परवडणार नाही, असा आक्षेप त्यावर घेण्यात आला.

दरम्यान, २७ मार्च २०१५ रोजी ट्रायने इंटरनेटवर आधारित सेवांच्या नियमनाविषयी एक सल्लामसलत पत्र प्रसिद्ध केले. ११८ पृष्ठांच्या या दस्तऐवजात २० प्रश्न होते व त्यांवर २४ एप्रिलपर्यंत अभिप्राय मागविले होते. प्राधिकरणाने आपले कामकाज पारदर्शकपणे करावे, असे बंधन १९९७ च्या स्थापना कायद्यानेच त्यावर घातले आहे. त्यानुसार प्रश्न प्रसिद्ध करणे, अभिप्राय व प्रति-अभिप्राय मागविणे आणि खुली चर्चा घेणे, अशी त्याची रूढ कार्यपद्धती आहे. ही वाट सर्वांसाठी खुली असली, तरी व्यवहारात तिचा उपयोग प्रामुख्याने दूरसंचार कंपन्या, त्यांच्या संघटना आणि मोजके तज्ज्ञच करीत असत.

पहिला टप्पा (एप्रिल २०१५)

कार्यपद्धती

पत्रकार, वकील, संगणक अभियंते व उद्योजक अशा स्वयंसेवकांच्या एका गटाने एप्रिल २०१५ मध्ये सेव्ह द इंटरनेट हे संकेतस्थळ सुरू केले. मीडियानामा या वृत्तस्थळाचे संस्थापक निखिल पाहवा हे या गटातील एक प्रमुख कार्यकर्ते होते. गटाने सल्लामसलत पत्राचा सोपा सारांश तयार केला आणि सर्व २० प्रश्नांची उत्तरे लिहून ती संकेतस्थळावर ठेवली. वाचकाला ती उत्तरे जशीच्या तशी, अथवा आपल्या मतानुसार बदलून, ईमेलने थेट ट्रायकडे पाठविता येत होती.

एखाद्या मागणीला केवळ पाठिंबा दर्शविणारी ऑनलाइन याचिका आणि ही पद्धत यांत महत्त्वाचा फरक होता. पाठविला जाणारा प्रत्येक ईमेल प्राधिकरणाने विचारलेल्या प्रश्नांचे उत्तर होता, मुदतीच्या आत पोहोचत होता आणि अधिकृत पत्त्यावरच जात होता. त्यामुळे तो जनमताचा केवळ दर्शक न राहता सल्लामसलतीच्या नोंदीचा भाग बनत होता.

११ एप्रिल २०१५ रोजी ऑल इंडिया बकचोद (एआयबी) या मुंबईतील विनोदी कलाकारांच्या गटाने या विषयावर एक चित्रफीत प्रसिद्ध केली. तांत्रिक स्वरूपाचा हा विषय विनोदाच्या अंगाने समजावून देऊन अखेरीस प्रेक्षकांना ईमेल पाठविण्याचे आवाहन करणारी ही चित्रफीत समाजमाध्यमांवर वेगाने पसरली. अमेरिकेत २०१४ च्या जून महिन्यात विनोदकार जॉन ऑलिव्हर यांनी आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातून याच विषयावर असेच आवाहन केले होते.

परिणाम

मुदत संपण्यापूर्वीच ट्रायकडे पोहोचलेल्या ईमेलची संख्या दहा लाखांच्या पुढे गेली. १४ एप्रिल रोजी फ्लिपकार्टने एअरटेल झिरोत सहभागी होण्याचा विचार सोडून दिला. त्यानंतर क्लिअरट्रिप, एनडीटीव्ही इत्यादी कंपन्या इंटरनेट डॉट ऑर्गमधून बाहेर पडल्या. २२ एप्रिल रोजी काँग्रेसचे खासदार राहुल गांधी यांनी हा प्रश्न लोकसभेत उपस्थित केला व तत्कालीन दूरसंचारमंत्री रविशंकर प्रसाद यांनी सरकारच्या वतीने उत्तर दिले. दूरसंचार कंपन्यांच्या संघटनेनेही ‘सबका इंटरनेट, सबका विकास’ या नावाने प्रतिमोहीम सुरू केली.

२७ एप्रिल रोजी ट्रायने आलेले सर्व अभिप्राय आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केले. त्यांत पाठविणाऱ्यांचे ईमेल पत्तेही उघड झाले. नागरिकांचा खासगीपणा धोक्यात आणल्याबद्दल प्राधिकरणावर टीका झाली आणि त्याच दिवशी त्याचे संकेतस्थळ काही काळ बंद पडले. अभिप्राय पारदर्शकपणे प्रसिद्ध करण्याची पद्धत काही मोजक्या संस्थांचेच अभिप्राय येतील, या गृहीतावर बेतलेली होती. लाखो सामान्य नागरिक सहभागी झाल्यावर तिच्यातील ही त्रुटी समोर आली.

दुसरा टप्पा : फ्री बेसिक्सचा वाद

फेसबुकची मोहीम

सप्टेंबर २०१५ मध्ये फेसबुकने इंटरनेट डॉट ऑर्ग या सेवेचे नाव बदलून फ्री बेसिक्स असे केले. ९ डिसेंबर २०१५ रोजी ट्रायने डेटा सेवांच्या भिन्न दरांविषयी स्वतंत्र सल्लामसलत पत्र काढले. त्यात अवघे चार प्रश्न होते. अभिप्रायांची मुदत प्रथम ३० डिसेंबर होती. ती पुढे ७ जानेवारी २०१६ पर्यंत वाढविण्यात आली. याच काळात प्राधिकरणाने रिलायन्स कम्युनिकेशन्सला फ्री बेसिक्स तूर्त स्थगित ठेवण्यास सांगितले.

या वेळी समाजमाध्यमाचा सर्वांत मोठा वापर खुद्द ते चालविणाऱ्या कंपनीने केला. भारतीय वापरकर्त्यांना फेसबुक उघडताच फ्री बेसिक्सच्या समर्थनार्थ ट्रायला संदेश पाठविण्याचे आवाहन दिसू लागले. संदेशाचा मजकूर तयार असे. वापरकर्त्याने केवळ कळ दाबणे पुरेसे होते. त्याच्या जोडीला वृत्तपत्रांत पूर्ण पानाच्या जाहिराती आल्या व शहरांत मोठे फलक लागले. डिसेंबरच्या अखेरीस मार्क झुकरबर्ग यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त लेख लिहून सेवेची बाजू मांडली. सार्वजनिक ग्रंथालयात सर्वच पुस्तके नसतात, तरी त्याचा समाजाला लाभ होतो, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. हवामानाच्या माहितीसाठी ही सेवा वापरणाऱ्या महाराष्ट्रातील एका शेतकऱ्याचा दाखलाही त्या लेखात होता.

सेव्ह द इंटरनेट गटाने आपली मोहीम पुन्हा सुरू केली व नव्या चार प्रश्नांची उत्तरे उपलब्ध करून दिली. आयआयटी व भारतीय विज्ञान संस्था येथील अनेक प्राध्यापकांनी संयुक्त निवेदन काढून फ्री बेसिक्सला विरोध केला. कोणती संकेतस्थळे ‘मूलभूत’ मानायची हे एका खासगी कंपनीने ठरवू नये, हा विरोधकांचा प्रमुख मुद्दा होता.

ट्रायची भूमिका

या सल्लामसलतीत ट्रायकडे सुमारे २४ लाख अभिप्राय आले. त्यांतील बहुसंख्य अभिप्राय फ्री बेसिक्सला पाठिंबा देणारे, एकसारख्या मजकुराचे होते. मात्र विचारलेल्या चार प्रश्नांची उत्तरे त्यांत नव्हती. केवळ एका विशिष्ट सेवेला पाठिंबा होता. या पाठिंबादर्शक संदेश पाठविणाऱ्यांनी मूळ प्रश्नांना उत्तरे द्यावीत, यासाठी त्यांना कळविण्याची सूचना प्राधिकरणाने फेसबुकला केली. त्यावरून उभयतांत पत्रव्यवहार झाला. १८ जानेवारी २०१६ च्या पत्रात, विचारपूर्वक अभिप्राय देण्यासाठी असलेल्या सल्लामसलतीला ठरवून घडविलेल्या बहुमत-चाचणीचे रूप दिले जात असल्याबद्दल प्राधिकरणाने स्पष्ट शब्दांत नाराजी व्यक्त केली. रामसेवक शर्मा हे त्या वेळी ट्रायचे अध्यक्ष होते. २१ जानेवारी रोजी दिल्लीत या विषयावर खुली चर्चा झाली.

तयार मजकुराचा आधार दोन्ही मोहिमांनी घेतला होता, ही गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे. फरक होता तो त्या मजकुराच्या आशयात. एकीने प्रश्नांची उत्तरे पुरविली, दुसरीने पाठिंब्याची संख्या पुरविली. आणि नियामक प्रक्रियेत निर्णय मतमोजणीने होत नसल्याने संख्येचा प्रभाव मर्यादित राहिला.

२०१६ चे विनियम

८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने डेटा सेवांच्या भेदभावपूर्ण दरांना प्रतिबंध करणारे विनियम जारी केले. त्यांतील मुख्य तरतुदी पुढीलप्रमाणे होत्या :

- कोणत्याही सेवापुरवठादाराने मजकुराच्या आधारे डेटासाठी वेगवेगळे दर देऊ वा आकारू नयेत.
- या बंदीला बगल देणारे करार अन्य कोणाशीही करू नयेत.
- आणीबाणीच्या प्रसंगी आपत्कालीन सेवांसाठी कमी दर देण्यास मुभा राहील.
- उल्लंघन झाल्यास प्रतिदिनी ५०,००० रुपये व कमाल ५० लाख रुपये दंड आकारता येईल.
- अस्तित्वात असलेल्या योजनांना सहा महिन्यांची मुदत राहील.
- दोन वर्षांनी अथवा त्यापूर्वी विनियमांचा फेरविचार करता येईल.

विनियमांसोबतच्या स्पष्टीकरणात राज्यघटनेच्या कलम १९ मधील भाषण व अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा संदर्भ देण्यात आला. बहुसंख्य लोकसंख्या अद्याप इंटरनेटशी जोडली गेली नसताना, इंटरनेट कसे असावे हे ठरविण्याची मुभा कंपन्यांना दिली, तर नव्याने येणाऱ्यांचा संपूर्ण अनुभवच त्या कंपन्या घडवतील, अशी चिंता त्यात व्यक्त झाली. नवीन उद्योगांच्या मार्गात निर्माण होणारे अडसर हेही एक कारण देण्यात आले. निर्णयानंतर तीनच दिवसांनी, ११ फेब्रुवारी रोजी, फेसबुकने भारतातील फ्री बेसिक्स सेवा बंद झाल्याचे जाहीर केले.

पुढील घडामोडी

२०१६ चे विनियम केवळ दरांपुरते मर्यादित होते. वेग व अडवणूक यांविषयी ट्रायने पुन्हा सल्लामसलत केली आणि २८ नोव्हेंबर २०१७ रोजी नेट न्यूट्रॅलिटीबाबत व्यापक शिफारशी केल्या. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्या स्वीकारल्या व दूरसंचार परवान्यांत तदनुसार बदल करण्यात आले. मोहिमेतील काही स्वयंसेवकांनी २०१६ मध्ये इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन ही संस्था स्थापन केली. खासगीपणा, इंटरनेटबंदी आणि अभिव्यक्ती स्वातंत्र्य या विषयांवर ती न्यायालयीन व धोरणात्मक काम करते.

२०१५ च्या मूळ पत्रातील नियमनाचा प्रश्न मात्र दीर्घकाळ रेंगाळला. इंटरनेटवर आधारित संपर्क सेवांसाठी तूर्त वेगळ्या नियमनाची गरज नाही, असे मत ट्रायने सप्टेंबर २०२० मध्ये दिले. पुढे जुलै २०२३ मध्ये त्याच विषयावर पुन्हा सल्लामसलत सुरू झाली. मोठ्या प्रमाणावर डेटा वापरणाऱ्या सेवांनी जाळ्याच्या खर्चात वाटा उचलावा, अशी मागणी दूरसंचार कंपन्यांनी कायम ठेवली.

समाजमाध्यमी चळवळीच्या दृष्टीने मूल्यमापन

समाजमाध्यमांवरील चळवळीच्या परिणामकारकतेविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. क्ले शर्की यांनी २००८ मधील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, संघटन करण्याचा खर्च इंटरनेटमुळे घटल्याने औपचारिक संस्थांविनाही मोठी सामूहिक कृती शक्य झाली आहे. याउलट माल्कम ग्लॅडवेल यांनी २०१० मधील एका लेखात, समाजमाध्यमांतील नाती सैल असल्याने ती जोखमीच्या, दीर्घकालीन संघर्षाला पुरी पडत नाहीत, असे मत मांडले. एव्हगेनी मोरोझोव यांनी घरबसल्या कृतीतून मिळणाऱ्या खोट्या समाधानावर टीका केली. झेनेप तुफेकची यांनी २०१७ च्या ग्रंथात या दोहोंमधील भूमिका घेतली. समाजमाध्यमांमुळे मोठा जनसमुदाय वेगाने जमतो. परंतु पूर्वीच्या चळवळींना जमवाजमवीच्या दीर्घ कष्टांतून जी निर्णयक्षमता व चिकाटी लाभत असे, ती त्याला लाभतेच असे नाही, असे त्यांचे निरीक्षण आहे.

सेव्ह द इंटरनेट मोहीम या तिन्ही मतांच्या कसोटीवर पाहता येते. सैल नात्यांतून जमलेल्या लाखोंनी ईमेल पाठविले, हे शर्की यांच्या मताला पुष्टी देणारे आहे. परंतु कायदा, तंत्रज्ञान व अर्थव्यवहार जाणणारा लहान, चिकाटीचा गट मागे नसता, तर त्या ईमेलना नियामकाच्या दृष्टीने आशय लाभला नसता. मागणी नेमकी होती, निर्णय घेणारी संस्था एकच होती, त्या संस्थेवर लोकांचे ऐकून घेण्याचे कायदेशीर बंधन होते आणि मुदत ठरलेली होती. या चार गोष्टी एकत्र आल्यामुळे समाजमाध्यमांवरील क्षणिक उत्साहाचे नियमात रूपांतर होऊ शकले. मोठ्या कंपन्या व नवउद्योग यांपैकी अनेकांचे आर्थिक हितसंबंधही मोहिमेच्या मागणीशी जुळणारे होते, हेही विसरता येत नाही.

याच सुमारास घडलेले माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ चे प्रकरण तुलनेसाठी उपयुक्त आहे. २०१२ मध्ये पालघर येथे फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली, तेव्हा समाजमाध्यमांवर मोठा संताप उसळला. तरीही ते कलम रद्द झाले ते २४ मार्च २०१५ रोजी, श्रेया सिंघल यांच्या याचिकेवरील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. येथेही लोकभावनेला संस्थात्मक वाट मिळाल्यावरच बदल घडला.

अमेरिकेतील अनुभव याची दुसरी बाजू दाखवितो. तेथील संघीय दळणवळण आयोगाने फेब्रुवारी २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीचे नियम केले. मात्र डिसेंबर २०१७ मध्ये ते रद्द केले. २०१७ मध्ये आयोगाकडे सुमारे २ कोटी २० लाख अभिप्राय आले होते. त्यांपैकी सुमारे १ कोटी ८० लाख बनावट असल्याचे न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयाने २०२१ मधील अहवालात नमूद केले. संख्येलाच प्रमाण मानले की संख्या कृत्रिमरीत्या निर्माण करण्याचा मोह बळावतो आणि खऱ्या नागरिकांचा आवाजही संशयास्पद ठरतो, असा धोका यातून स्पष्ट होतो.

मर्यादा व टीका

मोहिमेवरील सर्वांत गंभीर आक्षेप प्रतिनिधित्वाविषयीचा आहे. ज्यांच्याकडे इंटरनेट नव्हते, त्यांना मर्यादित का होईना पण विनामूल्य सेवा मिळावी की नाही, याचा निर्णय ज्यांच्याकडे इंटरनेट होते त्यांच्या ईमेलवरून झाला, असे फ्री बेसिक्सच्या समर्थकांचे म्हणणे होते. सल्लामसलत पत्र इंग्रजीत होते व चर्चाही मुख्यतः इंग्रजीतून चालली. त्यामुळे मराठीसह अन्य भारतीय भाषांतून व्यवहार करणाऱ्या मोठ्या वर्गाचा तीत सहभाग अल्प राहिला. विरोधकांचे यावर उत्तर असे होते की, गरिबांना इंटरनेट स्वस्त मिळावे हे खरे. परंतु ते अपुरे वा कोणा एका कंपनीने निवडून दिलेले नसावे.

दुसरी मर्यादा साध्याच्या स्वरूपाविषयीची आहे. मोहिमेने भेदभावाला प्रतिबंध केला. इंटरनेट नसलेल्यांपर्यंत ते पोहोचविणे हे तिच्या कक्षेत नव्हते. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओच्या आगमनानंतर डेटाचे दर झपाट्याने उतरले व वापर वाढला, तो मुख्यतः बाजारातील स्पर्धेमुळे. तसेच कंपन्यांनी इंटरनेटमध्ये भेद करू नये, हे मान्य झाल्यानंतरही सरकारी आदेशाने इंटरनेट बंद ठेवण्याचे प्रकार थांबले नाहीत. जम्मू-काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये बंद झालेली वेगवान मोबाइल इंटरनेट सेवा फेब्रुवारी २०२१ मध्ये पूर्ववत झाली. अशा बंदीविरुद्धचा लढा मुख्यतः न्यायालयात द्यावा लागला.

एकंदरीत, या मोहिमेने एक स्पष्ट व टिकाऊ नियम घडविण्यास हातभार लावला. नियम बदलणे हा सामाजिक बदलाचा एक महत्त्वाचा भाग असला, तरी तो संपूर्ण बदल नव्हे. तो नियम टिकविण्यासाठी प्रत्येक नव्या सल्लामसलतीत नागरिकांना पुन्हा सहभागी व्हावे लागते, हे २०१५ नंतरच्या घडामोडींवरून दिसून येते.

हेही पहा

- भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण
- समाजमाध्यमे
- अभिव्यक्ती स्वातंत्र्य
- माहितीचा अधिकार
- माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००